तो दवाखाना योजनेत आहे का? या प्रश्नामागची गोष्ट

आमच्याकडं परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यात पेशंट गाडीत घालायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, आधी बघा तो दवाखाना सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेत आहे का. कार्डाबद्दल सगळेच बोलतात, पण कार्डाच्या मागं एक करार असतो, पैसा ज्याच्या हातात आहे तो फंड आणि उपचार करणारा दवाखाना यांच्यातला. कोणत्या आजाराला किती पैसे, ते किती दिवसात द्यायचे, यादीत कुणाला घ्यायचं, हे सगळं तिथं ठरतं आणि पेशंटचं पुढं काय होणार तेही बरंचसं तिथंच ठरून गेलेलं असतं.

ही भानगड जुनी आहे. १८८३ साली जर्मनीत बिस्मार्कच्या काळात कामगारांचा आजारपणाचा विमा कायद्यानं सुरू झाला, वर्गणीतले दोन भाग कामगाराचे आणि एक भाग मालकाचा, पैसा जमा व्हायचा वेगवेगळ्या आजार-फंडांकडं. हे फंड डॉक्टर स्वतः निवडायचे, एकेकाला गाठून भाव ठरवायचे, आणि ज्याच्याशी करार नाही त्याच्याकडं फंडाच्या पैशातून जाता यायचं नाही. डॉक्टर चिडले, १९०० मध्ये लाइपझिगला त्यांनी संघटना काढली, संप केले, आणि डिसेंबर १९१३ मध्ये बर्लिनला दोघांचा समझोता झाला. साधारण १३५० विमेदारांमागं एक डॉक्टर असं प्रमाण ठरलं, आणि कुणाला घ्यायचं ते फंडानं एकट्यानं न ठरवता दोघांनी मिळून ठरवायचं. १९३१ नंतर तर फंड डॉक्टरांच्या संघटनेला एकठोक रक्कम द्यायला लागले, आतली वाटणी संघटनेनं करायची. मला यात सगळ्यात मोलाचं हे वाटतं की भावासाठी एकेकट्यानं भांडणं बंद झालं, दोन्ही बाजूला बोलणी करणारं कुणीतरी कायमचं उभं राहिलं. आपल्याकडं दवाखान्यांच्या बाजूनं असं पक्कं काही अजून उभं राहिलेलं नाही.

इंग्लंडनं १९११ चा कायदा केला आणि १९१३ पासून तिथं पॅनेल डॉक्टर आले, म्हणजे डॉक्टरच्या यादीत जितकी माणसं तितके वर्षाचे ठरलेले पैसे, माणूस आजारी पडो न पडो. हाच 'पॅनेल' शब्द पुढं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या तोंडी बसला.

कारण आपला कामगार विमा. मार्च १९४३ मध्ये बी. पी. अडारकरांना योजना आखायला नेमलं तेव्हा व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेब आंबेडकरांकडं होतं. १९४४ ला अहवाल आला, १९४८ ला कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. दिल्लीत फंडाचे स्वतःचे दवाखाने, मुंबईत मात्र खासगी डॉक्टरांशी माणशी दरानं करार. पण मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात, कारखाने नावाला. पुढं चिकलठाण्याची एमआयडीसी आली, १९८५ ला वाळूजला बजाजचा कारखाना आला, तेव्हा कुठं इथल्या पगारदाराला या कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची, वर्गणी पगारातून कापली जाणं माहीत झालं. कापूस वेचणारी बाई, ऊसतोडीला जाणारं जोडपं, कोरडवाहू शेतकरी, यांचा पगारच नाही तर वर्गणी कापणार कशातून? ही मंडळी फंडाच्या बाहेरच राहिली आणि मराठवाड्यात तीच जास्त. त्यांना संभाजीनगरचा घाटी हा सरकारी दवाखाना, नाहीतर अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना, नाहीतर सावकार.

सरकारनंच वर्गणी भरायची हा रस्ता मग निघाला. १९९७ ला राज्यात जीवनदायी योजना आली, ती मोजक्या मोठ्या आजारांपुरती. खरा बदल शेजारून आला, २००७ ला आंध्रात आरोग्यश्री सुरू झाली, त्यात प्रत्येक ऑपरेशनचं ठरलेलं पॅकेज, म्हणजे सगळ्या उपचाराची मिळून एकठोक रक्कम, आणि यादीतला खासगी दवाखाना, आणि नांदेडच्या माणसाला हैदराबाद तसंही आपलंच वाटतं. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात मराठवाड्यातून नांदेड होतं, नोव्हेंबर २०१३ ला सगळ्या राज्यात गेली. वर्षाला कुटुंबामागं दीड लाख, किडनी बदलायला अडीच लाख. सरकार हप्ता नॅशनल इन्शुरन्सला भरायचं, दवाखाना आधी मंजुरी मागायचा, उपचार झाल्यावर क्लेम टाकायचा, म्हणजे पैशाची मागणी करायचा. सरकारी दवाखान्यालाही त्याच पॅकेजचे पैसे मिळायला लागले, आणि शंभरावर उपचार तर फक्त सरकारीसाठी राखून ठेवले, हे मला फार बरोबर वाटतं, कारण नाहीतर पैसा सगळा खासगीकडं वाहून गेला असता.

खासगीत जायचं तर अटी, इतक्या खाटा, आयसीयू, तज्ज्ञ डॉक्टर. अटी चुकीच्या नाहीत, पण तालुक्याचं छोटं नर्सिंग होम त्यात बसत नाही, म्हणून यादीतले दवाखाने नांदेड, लातूर, संभाजीनगरात गोळा झाले. आमच्या मामांना २०१४ ला असंच एका मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं, बाहेर योजनेचा बोर्ड, आत म्हणाले आजार पॅकेजमध्ये बसत नाही, डिपॉझिट भरा. मामीनं पाटल्या गहाण ठेवल्या. मला आजही त्याचा राग येतो, पण खासगीवाल्यांचं म्हणणंही ऐकलंय, दर परवडत नाही, क्लेमचे पैसे उशिरा येतात, आणि करारात ही दोन कलमं कच्ची असली की त्याचा भार शेवटी पेशंटवर येतो.

पिवळं-केशरी रेशन कार्ड तर होतंच, शिवाय आत्महत्याग्रस्त म्हणून मराठवाड्यातले आठही जिल्हे धरून चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही घेतलं, सातबारा दाखवून. २०१७ ला योजनेला नाव महात्मा फुलेंचं झालं, सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान ही तशीच योजना आली, एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालतात. जून २०२३ च्या निर्णयानं पाच लाखांचं संरक्षण सगळ्यांना जाहीर झालं, आता कार्डाचा रंग विचारायचं कारण उरलं नाही.

दवाखाना मात्र विचारावा लागतो, कारण करार प्रत्येक दवाखान्याशी वेगळा आणि तोही ठरलेल्या विभागांपुरता, हृदयाचं आहे म्हणून हाडाचं असेलच असं नाही. म्हणून घरातून निघायच्या आधी योजनेच्या १५५३८८ या नंबरला फोन लावून दवाखाना आणि आजार दोन्ही सांगून विचारा, आणि पोचल्यावर काउंटरच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा.