टॉवर हिल परिसरातील आयरिश शेतकरी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील नैर्ऋत्य किनाऱ्यालगत, पोर्ट फेअरी आणि वॉर्नंबूल यांच्या दरम्यान, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वसलेली आयरिश शेतकरी वस्ती. कोरॉइट हे तिचे मुख्य गाव असून, किलार्नी व क्रॉसली ही लगतची खेडी आहेत. सु. 37,000 वर्षांपूर्वी झालेल्या टॉवर हिल ज्वालामुखीच्या उद्रेकातून पडलेल्या राखेमुळे येथील जमीन काळी, भुसभुशीत व अत्यंत सुपीक बनली. ही भूमी मुळात गुंडिटजमारा या आदिवासी लोकांची असून, त्यांच्यातील एका गटाच्या नावावरूनच कोरॉइट हे नाव पडले.

1840 नंतरच्या ‘स्पेशल सर्व्हे’ पद्धतीने धनिकांना एकरी 1 पौंड दराने 5,120 एकरांचा सलग पट्टा एकदम विकत घेता येई. जेम्स ॲटकिन्सन याने असा पट्टा घेऊन पोर्ट फेअरीला आयर्लंडमधील शहरावरून बेलफास्ट हे नाव दिले, तर मूळच्या आयर्लंडमधील कॅव्हन परगण्यातील विल्यम रटलेज याने फार्नहॅमचा पट्टा घेऊन तो लहान तुकड्यांत कुळांना खंडाने दिला. त्यामुळे मायदेशी जमीनदाराचा खंड भरून जेरीस आलेली अनेक कुटुंबे अर्धे जग ओलांडून आली, ती पुन्हा कुळे म्हणूनच. फरक एवढाच, की येथे पीक हमखास येई आणि 1851 मध्ये सोने सापडल्यावर मेलबर्नच्या बाजारात त्याला गिऱ्हाईकही मिळाले.

मुख्य पीक अर्थातच बटाटा, त्याच्या जोडीला कांदा. बेण्याच्या बटाट्याच्या प्रत्येक खापेला एखादा तरी डोळा राहील अशा बेताने ती कापायची, सरीत लावून वर माती चढवायची, ही कामे घरातील सर्वांनी मिळून करायची असत. कारण मजूर लावणे लहान कुळाला परवडत नसे. कांद्याची खुरपणी तर गुडघ्यांवर रांगतच करावी लागे.

मूळचे आयर्लंडमधील मॉनहन परगण्यातील, व्हिक्टोरियाचे तत्कालीन जमीन मंत्री चार्ल्स गॅव्हन डफी यांच्या 1862 च्या जमीन कायद्याचा हेतू लहान शेतकऱ्याला स्वतःची जमीन मिळवून देण्याचा होता. प्रत्यक्षात त्यातील पळवाटांचा लाभ बड्या मेंढपाळांनीच अधिक उठविला. तरीही टॉवर हिलभोवती कॅथलिक चर्च, शाळा आणि नात्यागोत्याच्या आधाराने ही वस्ती टिकून राहिली. बेलफास्टचे नाव 1887 मध्ये पुन्हा पोर्ट फेअरी झाले. किलार्नी हे आयर्लंडमधील गावाचे नाव मात्र बदलले नाही.