शजरमधली झाडं चांदण्याने उमटत नाहीत

उत्तर प्रदेशातल्या बांद्याला केन नदीत मिळणारा शजर दगड कापला की आत काळीभोर फांद्यांची झाडं दिसतात. शोकेसमध्ये ठेवायला याहून देखणा दगड क्वचितच सापडेल. पण त्यासोबत एक गोष्ट वर्षानुवर्षं विकली जाते: शरद पौर्णिमेच्या चांदण्यात दगडासमोर जे झाड येतं, त्याचं चित्र आत उमटतं. काही जण त्याला अश्मीभूत वनस्पती म्हणतात. दोन्ही चूक.

शजर हा अकीक आहे, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांची सिलिका. तिच्या बारीक भेगांतून मँगॅनीज आणि लोह विरघळलेलं पाणी झिरपतं आणि त्यांची ऑक्साइडं साचत जातात. साचलेल्या थराचं जे टोक किंचित पुढे आलेलं असतं, त्याला ताजा पुरवठा आधी मिळतो. म्हणून ते आणखी पुढे वाढतं, त्याला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे. खिडकीच्या काचेवर हिम असंच पसरतं. तिथे झाड कधीच नव्हतं, म्हणून भिंगाखाली ना पेशी दिसतात ना पानांच्या शिरा.

जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीत तर खरे जीवाश्म आणि अशा नक्षी एकाच खाणीत मिळतात; गल्लत होणं स्वाभाविक आहे.

विकत घेताना दगड उजेडासमोर धरून फिरवा. खरी नक्षी बहुधा कमी-जास्त खोलीवर पसरलेली दिसते, रंगवलेली फक्त वरच्या पृष्ठभागावर. आणि ‘जीवाश्म’ म्हणून जास्त पैसे मागितले, तर देऊ नका.