घरातल्या संगणकात व्हायरस कोणत्या वाटेने आला

नागपुरात घरचा संगणक रखडू लागला की तो सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात नेऊन 'फॉरमॅट मारून', म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून, आणायचा, ही रीत अनेक वर्षे चालली. ती का पडली आणि पुढे अपुरी का ठरली, हे समजण्यासाठी व्हायरस कोणकोणत्या वाटेने घरात शिरत गेला ते पाहावे लागते.

आरंभीची वाट फ्लॉपीची होती. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसे आणि गंमत म्हणजे त्यात दोघा भावांचा पत्ता व फोन नंबरही होता. फ्लॉपी हातोहात फिरत असल्यामुळे रोगनिदानही दुरुस्तीच्या दुकानातच होई. पुण्याच्या कैलास काटकर यांच्या दुरुस्ती व्यवसायातून आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांच्या प्रोग्रॅमिंगमधून 'क्विक हील' हे अँटीव्हायरस उभे राहिले, ते याच परिस्थितीत.

फॉरमॅटवरचा भरवसा २६ एप्रिल १९९९ रोजी डळमळला. 'चेर्नोबिल' या नावाने ओळखल्या गेलेल्या सीआयएच व्हायरसने त्या दिवशी हार्ड डिस्कवरील माहिती तर पुसलीच, शिवाय काही मदरबोर्डवरील बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅमही, खराब केल्यामुळे ते संगणक सुरूच होईनात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'आय लव्ह यू' हा ईमेलच्या जोडपत्रातून पसरला.

त्यानंतरचा काळ पेन ड्राइव्हचा. परीक्षेचा फॉर्म छापायला कॅफेत नेलेला ड्राइव्ह घरी परत लावताच विंडोजची 'ऑटोरन' सोय त्यातला व्हायरस चालू करून देत असे. मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधील ही सोय पेन ड्राइव्हपुरती बंद करणारे अपडेट २०११ मध्ये सर्वांकडे पाठवले. परंतु दुकानदाराने फॉरमॅटनंतर टाकून दिलेली विंडोज बहुधा विनापरवाना असे, आणि चोरी पकडली जाऊ नये म्हणून अपडेट मुद्दाम बंद ठेवलेले असत. माझ्या मते घरगुती सुरक्षेचे खरे नुकसान कोणत्याही एका व्हायरसपेक्षा या सवयीनेच अधिक केले. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने जगभरातील संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो शिरला तिच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती.

दरम्यान संरक्षण विंडोजच्या आतच येत गेले: २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर (मोठ्या अपडेटबरोबर) बाहेरून येणारी नको ती जोडणी अडवणारी फायरवॉल आपोआप चालू राहू लागली, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस अंतर्भूत झाला. तेव्हा भामट्यांनी यंत्राऐवजी माणसालाच गाठले. फोनवरून ओटीपी विचारून किंवा स्क्रीन पाहण्याचे ॲप टाकायला लावून पैसे काढले जातात, तेव्हा दुकानात नेऊन फॉरमॅट करण्यासारखे काही नसते. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता यावी म्हणून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी लागते.