इम्पे चित्रसंग्रह

इम्पे चित्रसंग्रह : कलकत्त्यात १७७७ ते १७८२ या काळात रंगवलेल्या पशुपक्ष्यांच्या जलरंगचित्रांचा संग्रह. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात भारतीय चित्रकारांनी मुख्यतः युरोपीय आश्रयदात्यांसाठी काढलेल्या चित्रांच्या, म्हणजेच कंपनी शैलीतील निसर्गचित्रणाचे हे सर्वोत्तम उदाहरण मानावे लागेल. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश सर एलायजा इम्पे यांच्या पत्नी मेरी इम्पे यांनी आपल्या बागेत देशी-परदेशी पक्षी व प्राणी पाळले होते. त्यांची चित्रे काढण्यासाठी त्यांनी पाटण्याचे शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या चित्रकारांना नेमले. तीनशेहून अधिक चित्रांपैकी निम्म्याहून जास्त पक्ष्यांची आहेत.

हे चित्रकार मुघल लघुचित्रांच्या परंपरेत तयार झालेले होते. जहांगीराच्या दरबारातील उस्ताद मन्सूरने पक्षी निरखून रंगवण्याचा जो पायंडा पाडला, त्याचा वारसा त्यांच्याकडे होता. आता मात्र कागद इंग्लंडहून आलेला, व्हॉटमन गिरणीचा. चौकटी, बेलबुट्टी गेली आणि पक्षी कोऱ्या पांढऱ्या जागेत उभा राहिला. जिवंत पक्षी समोर ठेवून, कागदात मावेल तिथे मूळ आकारातच तो रंगवला जाई. पिसाची एकेक तंतुरेषा बारीक कुंचल्याने काढलेली दिसते.

झैनुद्दीनची चित्रे मुद्दाम पाहावीत. बोरीच्या फांदीवरील भांगपाडी मैनेच्या चित्रात (१७७७) टसर रेशीम देणाऱ्या कीटकाच्या कुळातील दोन पतंग आहेत, अळी आणि कोशही आहे. एका कागदावर किड्याचा जीवनक्रम येतो. दुसऱ्या एका चित्रात काकाकुवा सीताफळाच्या फांदीवर बसला आहे. पक्षी इंडोनेशियाच्या बेटांकडचा, झाड मूळचे अमेरिकेतले, आणि दोन्ही कलकत्त्यात एका पाटणेकराच्या नजरेखाली! निव्वळ नोंद म्हणून काढलेल्या चित्रात इतका प्राण क्वचितच आढळतो.

चित्रांवर फार्सीत चित्रकाराचे नाव आहे, म्हणूनच ही नावे आपल्याला कळतात. कंपनी काळातील बहुसंख्य चित्रकारांची ओळख कायमची पुसली गेली. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन लेथम यांनी काही पक्ष्यांची वर्णने या चित्रांवरून लिहिली. हिमालयातील मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांनी १७९० मध्ये मेरी इम्पे यांचे आडनाव गुंफले. चित्रकारांच्या वाट्याला असा मान आला नाही, हे खटकते.

तंजावरचे सरफोजीराजे भोसले (राज्यकाळ १७९८–१८३२) यांनीही स्थानिक चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढून घेतली होती. म्हणजे हा छंद केवळ युरोपीय संग्राहकांचा नव्हता.

इम्पे कुटुंब १७८३ मध्ये मायदेशी परतले. १८१० मध्ये लंडनला संग्रहाचा लिलाव झाला आणि तो विखुरला. आज काही चित्रे लंडनच्या लिनिअन सोसायटी या निसर्गविज्ञान संस्थेत, तर काही अमेरिकेत मिनियापोलिस व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत आहेत. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये २०१९-२० साली भरलेल्या कंपनी चित्रांच्या प्रदर्शनात झैनुद्दीन, भवानी दास व राम दास यांची चित्रे त्यांच्या नावानिशी मांडली गेली.