माझ्याकडे तर चालून राहिलं!

मे महिन्यातली नागपूरची दुपार. कूलर घरघरतोय आणि भाचा व त्याची वर्गमैत्रीण मेसच्या डब्यांचा हिशोब ठेवणारं वेब ॲप घेऊन बसलेत. त्याच्या उबुंटूवर सगळं ठीक, तिच्या विंडोजवर नुसत्या लाल ओळी. "माझ्याकडे तर चालून राहिलं ना!" भाचा म्हणाला. ॲपचा जावास्क्रिप्ट कोड चालवणारं नोड त्याच्याकडे एका आवृत्तीचं, तिच्याकडे दुसऱ्या. पोस्टग्रेस, म्हणजे ॲपचा डेटाबेस, तर तिच्याकडे नव्हतंच.

मी म्हटलं, कंटेनर वापरा. कंटेनर म्हणजे लॅपटॉपच्या पोटातला छोटा लॅपटॉप, असं बरेच जण समजतात. तो व्हर्च्युअल मशीन झाला, त्याला स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लागतो. कंटेनरमध्ये चालते ती साधी प्रोसेसच, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, फक्त तिला झापडं लावलेली असतात. लिनक्सचं नेमस्पेस तिला आपल्यापुरत्याच फाइली, आपलंच नेटवर्क आणि आपल्याच प्रोसेस दाखवतं. मेमरी आणि सीपीयू किती खायचा, ते सीग्रुप ठरवतं. भाच्याच्या उबुंटूवर बाहेरून प्रोसेसची यादी काढली तर पोस्टग्रेसचा क्रमांक पाच आकडी होता, कंटेनरात शिरून काढली तर १!

आम्ही कंटेनर चालवायला डॉकर हे साधन घेतलं, पण यातलं काहीच डॉकरने शोधलेलं नाही. लिनक्समध्ये पहिलं नेमस्पेस २००२ साली आलं, सीग्रुप २००८ साली. २०१३ साली आलेल्या डॉकरने हे सगळं दोन-चार कमांडींत बसवलं. विंडोजवर लिनक्सचा कर्नल नसतो, म्हणून तिथे डॉकर गुपचूप एक हलकं व्हर्च्युअल मशीन चालवतो. तिच्या लॅपटॉपचा पंखा कूलरशी स्पर्धा करत होता, तो बहुधा त्यामुळेच.

मग अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकर कंपोजची फाइल लिहिली: एक सर्व्हिस ॲपची, एक डेटाबेसची. आवृत्त्या त्यातच नोंदवल्या, म्हणजे दोघांकडे तेच नोड, तेच पोस्टग्रेस. 'डॉकर कंपोज अप' केलं आणि दोघांच्याही स्क्रीनवर एकच उत्तर आलं: कनेक्शन रिफ्यूज्ड. चला, निदान एरर तरी सारखी!

चूक झापडांचीच होती. ॲप डेटाबेसला 'लोकलहोस्ट'वर, ५४३२ पोर्टवर शोधत होतं. पण कंटेनरात लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, आणि पोस्टग्रेस तर शेजारच्या खोलीत. पत्त्याच्या जागी सर्व्हिसचं नाव, 'डीबी', टाकताच ॲप उघडलं.

संध्याकाळी तिने ३७ डबे नोंदवले. भाच्याने तिच्याच लॅपटॉपवर आवराआवर म्हणून 'डॉकर कंपोज डाउन' मारलं. पुन्हा चालू केलं तर यादी कोरी. 'डाउन' कंटेनर नुसता थांबवत नाही, काढून टाकतो. नवा कंटेनर येतो तो पाटी कोरी करूनच. जो डेटा टिकायला हवा, त्याला कंटेनरबाहेर नाव दिलेलं व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवायची वेगळी जागा, लागतं, आणि ते लिहायचं मीच विसरलो होतो.

व्हॉल्यूमच्या ओळी मी टाकल्या. ३७ डबे पुन्हा टाइप करायला भाचा बसला.