दाजीपूरचं जंगल राहिलं कसं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरला गवा बघायला येणारे बहुतेक जण पहाटेच जीप ठरवून जंगलातल्या ठक्याच्या वाड्याकडे निघतात. वाटेतल्या राधानगरीच्या तलावाकडे कुणी फारसं बघत नाही. या जंगलाचा इतिहास मात्र त्या पाण्याला सोडून सांगताच येत नाही.

फोंडा घाटाच्या माथ्यावरचं हे रान कोल्हापूरच्या छत्रपतींनी शिकारीसाठी राखलेलं होतं. शिकारीचं रान राखायचं तर तिथे इतरांची कुऱ्हाड चालू द्यायची नाही. हेतू काहीही असो, झाडं वाचली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाहू महाराजांनी भोगावती नदीवर धरणाचं काम हाती घेतलं आणि तिथल्या गावाला आपल्या कन्येचं, राधाबाईंचं, नाव दिलं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा धरण अपुरंच होतं. ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. माझ्या मते शाहूंच्या सगळ्या कामांत हे सर्वांत दूरदृष्टीचं. करवीरच्या शेतीला पाणी मिळालं, आणि ते पाणी जिथून येतं ते डोंगरही राखणं आलं.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. १९५८ मध्ये गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य जाहीर झालं. महाराष्ट्रातलं पहिलं म्हणून त्याचंच नाव घेतात. १९८५ मध्ये राधानगरीचा परिसर जोडून क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झालं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कास, कोयना, चांदोलीबरोबर राधानगरीही आहे.

गवा इथे टिकला तो दाट झाडी आणि उघडे सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारं, शेजारीशेजारी असल्यामुळे. दुपारी कळप झाडीत रवंथ करत बसतो, ऊन कललं की गवतावर येतो. काळाभोर नर, गुडघ्याखाली पांढरे पाय, खांद्यावरचा उंचवटा. तो मान वर करून रोखून बघतो तेव्हा जागचं हलू नये. पण सगळी नजर गव्यावरच लावून बसू नका. उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनी फुलते, तिची जांभळट निळी फुलं थेट फांदीला बिलगून येतात. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. पावसाळ्यात सड्यावरच्या पातळ मातीत सीतेची आसवं ही फुलं आणि दवबिंदू ही कीटक पकडणारी वनस्पती उगवते.

याच सड्यांच्या कातळात बॉक्साइट असतं. राधानगरी तालुक्यात त्याच्या खाणी चाललेल्या आहेत. सडा खरवडला की गव्याचं गवतही जातं आणि पावसाचं पाणी मुरायची जागाही. मग गवे उसात उतरतात आणि त्याचा भुर्दंड काठच्या गावांतल्या शेतकऱ्याला बसतो.