ढाल झिजली, सुळका उरला

ढाल ज्वालामुखी म्हटलं की हवाईमधला मौना लोआ आठवतो. उपड्या परातीसारखा पसरट, उतार इतका मंद की आपण ज्वालामुखीवर उभे आहोत हे चटकन लक्षातही येऊ नये. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातला माउंट थिलसनही याच जातीचा. पण सुमारे 2,800 मीटर उंचीचा हा डोंगर दिसतो मात्र अणकुचीदार सुळक्यासारखा. भोवती कॅस्केड पर्वतरांगेतलं जंगल आहे. 1984 पासून ते ‘वाइल्डरनेस’ म्हणून कायद्याने राखलेलं असल्यामुळे आत वाहनांना मज्जाव आहे.

मग ढाल गेली कुठे?

सिलिका कमी असलेला लाव्हा पातळ असतो. तो दूरवर वाहतो, त्यातले वायू फारसा स्फोट न होता निसटतात आणि थरावर थर साचून डोंगर उंचीपेक्षा रुंदीनेच वाढतो. थिलसनचा लाव्हा बेसॉल्टिक अँडेसाइट, म्हणजे हवाईच्या बेसॉल्टपेक्षा जरा दाट. त्यामुळे ही ढाल मुळातच लहान आणि थोडी उभट होती. शिवाय तिच्या मध्यभागी राख आणि दगडगोट्यांचा भुसभुशीत शंकू होता. त्यात घुसून थिजलेल्या खडकाच्या भिंती होत्या आणि गाभ्यात, लाव्हा वर येण्याच्या वाटेतच गोठलेला टणक खडक.

सुमारे अडीच लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखी थंडावला. पुढच्या हिमयुगांत हिमनद्यांनी त्याला चहूबाजूंनी कोरलं. भुसभुशीत माल वाहून गेला, गाभा तेवढा उभा राहिला. अभ्यासकांची यात चंगळच झाली, कारण एरवी पोटात दडलेली ज्वालामुखीची रचना इथे कड्यांवर उघडी पडली आहे, पिवळट, तांबूस आणि करड्या थरांसकट.

पायथ्याच्या जंगलातली माती मात्र बरीचशी शेजाऱ्याची. दक्षिणेचा माउंट मझामा सुमारे 7,700 वर्षांपूर्वी महास्फोटात कोसळला. आजचा क्रेटर लेक त्याच खड्ड्यात आहे. त्या वेळी उधळलेला प्युमिस, म्हणजे सच्छिद्र हलका दगड, या सगळ्या परिसरावर पसरला. त्यात पाणी टिकत नाही, पोषणही बेताचंच. लॉजपोल पाइनचं तेवढ्यावर भागतं, म्हणून खाली त्याचीच गर्दी दिसते.

विझलेल्या या डोंगरावर खडक आजही वितळतो, पण विजेने. आसपासचं सर्वांत उंच टोक हेच असल्याने वीज इथे वारंवार पडते. ‘कॅस्केडचा तडितरक्षक’ ही त्याची ख्याती उगाच नाही. वीज पडते तिथला खडक निमिषात वितळतो आणि स्फटिक घडायला सवड न मिळाल्यामुळे काच होऊन थिजतो. या काचेला फुल्गुराइट म्हणतात. भूशास्त्रज्ञ जोसेफ डिलर यांनी थिलसनवरच्या फुल्गुराइटचं वर्णन 1884 मध्येच केलं होतं. माथ्याच्या अगदी वरच्या काही मीटरांतच ते सापडतं. गिर्यारोहकांना हातापायांचा आधार घेत चढावा लागतो, तोही नेमका हाच टप्पा.